रिकाम्या एसटीत उभा माणूस

रिकाम्या एसटीत उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. महाडहून पोलादपूरला जाणारी सकाळची गाडी. गाडीत मोजून सहा उतारू, बाकीच्या सीटांवर नुसतं धुकं बसलेलं, आणि हे गृहस्थ मधल्या वाटेत वरचा दांडा धरून ताठ उभे. अंगात खाकी शर्ट, डोक्यावर आकाशी रंगाची, धुऊन धुऊन पांढुरकी झालेली टोपी. माझा नोकरीचा पहिलाच दिवस होता, त्यामुळे अंगात सौजन्य फार. मी उठलो आणि म्हणालो, "बसा ना, आजोबा."

कंडक्टरचा तिकिटं टोचायचा पंच हवेतच राहिला. मागच्या सीटवर दासगावची एक मासळीवाली पायाशी टोपली घेऊन बसली होती, ती म्हणाली, "नवा दिसतोय गो बाय. आता ऐक बोलनी."

ते वळले. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मी बसलो तर मधी कोन उभा ऱ्हानार?"

मी खाली बसलो आणि नेहमीप्रमाणे झोपलो. गाडी हलली की मला झोप येते. हा माझा जन्माचा दोष आहे आणि पुढे जे घडलं त्याचं मूळही तोच.

पोलादपूरला उतरून ऑफिसात गेलो तर तेच गृहस्थ दारात स्टुलापाशी उभे. स्टुलावर बसलेले नव्हते, पाशी उभे. आमच्या ऑफिसचे ते शिपाई. ऑफिस कोणतं ते सांगत नाही, त्यातली माणसं अजून पेन्शन खात आहेत. फौजेतून निवृत्त होऊन ते इथे लागले होते. सगळे त्यांना हवालदार म्हणत, साहेबसुद्धा. आपल्याच शिपायाला मी भर गाडीत आजोबा म्हटलं होतं. त्यांनी मात्र पाण्याचा पेला पुढे केला आणि गंभीरपणे विचारलं, "भाऊसाहेब, सरकार पक्षात बसनार का विरोधात?"

म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी गाडीत कळलं.

त्या गाडीत रोज लोकसभा भरायची. ड्रायव्हरच्या मागची बाजू सरकार पक्षाची, कारण चाक त्या बाजूला. दाराच्या बाजूला विरोधी पक्ष, कारण त्यांना बाहेर पडायला सोपं. नाते गावचा कंडक्टर अध्यक्ष. त्याने पंच दांड्यावर टकटक केला की सभागृह शांत, आणि घंटीची दोरी एकदा ओढली की बोलणाऱ्याची वेळ संपली. ड्रायव्हरला सुरुवातीला ती घंटी ऐकून गाडी थांबवायची सवय होती, पुढे तोही सरावला. गाडी स्टँडबाहेर पडली की हवालदार आदल्या दिवशीचा पेपर उघडत आणि दिल्लीत लोकसभेत काय चाललं होतं तेवढंच वाचून दाखवत. सिनेमा नाही, खून नाही, राशिभविष्य तर नाहीच. संरक्षणावरची चर्चा, परमुलखात शांतीसाठी फौज धाडण्याचा प्रश्न, राज्यांना केंद्राने किती द्यावं आणि राज्यांनी ते खाली कुठवर पोचवावं. मग घडी घालून म्हणत, "अध्यक्ष महाराज, विषय सभागृहापुढं हाय."

आणि सभागृह बोलायचं. मासळीवाली सगळ्यांत आधी.

"फौज धाडायची म्हंता परमुलखात? धाडा की. आमचा दादला घरात शांती ठेवीत नाय, पयला त्याला धाडा."

"त्याला कशाला," दाराकडून कोणी तरी म्हणे, "तुलाच धाडू. तुझा आवाज आयकून दोनी फौजा माघारी जातील."

टक टक. "सन्माननीय सदस्यांनी एकमेकांच्या घरात शिरू नये," अध्यक्ष बजावत. "अर्धं तिकीट कोनाचं राह्यलंय?"

हवालदारांचा एक कडक नियम होता. सकाळी जे बोललात, ते संध्याकाळच्या गाडीत खोडायचं. जाताना सरकार पक्षात बसलात तर येताना दाराच्या बाजूला, आणि तितक्याच जोराने उलटं बोलायचं. चेष्टेवारी नेलेलं चालत नसे. मी एकदा विचारलं, हे कशासाठी? म्हणाले, "एकाच कुशीवर रोज निजला तर खांदा आवघडतो ना? तसंच हाय."

त्यांना स्वतःला मात्र बाजू नव्हती. ते मधे. विषय ठेवणार, आवाज फार चढले तर दोन्ही हात आडवे करणार. मत कधीच देणार नाहीत. मला त्यांनी सभागृहाचा लेखनिक नेमलं. माझं अक्षर बरं म्हणून नव्हे. "हा निम्मा वेळ निजलेला असतो," त्यांनी सभागृहाला सांगितलं, "म्हंजे कुनाच्याच बाजूचा नाय." सभागृहाने बाकं वाजवून मंजुरी दिली. मी ऑफिसची लांबोळी कच्ची वही काढली. पुढून ऑफिसच्या सभांची टिपणं होती. ती उलटी करून मागच्या पानांवर मी लोकसभा लिहू लागलो. त्यात काही बिघडेल असं मला वाटलं नाही. मला वाटत नाही तेव्हा हमखास बिघडतं.

त्या टोपीविषयी मी फार दिवसांनी विचारलं. बाहेर सावित्रीवर धुकं होतं, नदी होती की नुसती तिची आठवण होती ते सांगता येत नव्हतं, आणि हवालदार काचेकडे पाहत सांगत होते. फौजेत असताना त्यांना दूर वाळवंटात नेलं होतं, दोन देशांच्या मधे उभं राहायला. भांडण आपलं नाही, जमीन आपली नाही, भाषाही आपली नाही. बंदूक दिलेली, पण झाडायची नाही. शांतिसेनेची निळी टोपी घालायची आणि मधे उभं राहायचं.

"भीती नाय वाटायची?"

"सवय व्हती. इकडचे म्हनायचे तू तिकडचा, तिकडचे म्हनायचे तू इकडचा. दोगंबी शिव्या घालाय लागले की समजायचं, आपन बरोबर जागी उभे हाव."

"आणि बसायचं कधी?"

"ज्याच्या बाजूला टेकशील त्याचा होशील." मग जरा थांबून म्हणाले, "वाळूत रातदीस पान्याचा आवाज यायचा कानात. पानी नाय थेंबभर. आमच्या वाडीच्या वहाळाचा आवाज."

त्या वहाळापाशी त्यांनी मला एका रविवारी नेलं.

हवालदारांची वाडी पोलादपूर तालुक्यात, डोंगराच्या पोटाशी. बौद्धवाडीची पंधरा-वीस घरं. वाडी आणि रस्ता यांच्यामधे तो वहाळ, म्हणजे डोंगरातून उतरणारा ओढा. उन्हाळ्यात त्यात पाय बुडायला पाणी नसे, आणि पावसाळ्याचे चार महिने तो कोणाला पाय घालू देत नसे. म्हणून ते चार महिने हवालदार महाडात स्वस्तात मिळालेली खोली घेऊन राहत, कारण नोकरी. आणि त्यांची बायको वाडीत, कारण भात आणि म्हैस. वाडीतली पोरं चार महिने शाळा विसरत. कोणी आजारी पडलं तर पाणी उतरण्याची वाट पाहत. वहाळावर साकव बांधावा, माणसं जाण्यापुरता लोखंडी पूल, हा अर्ज आमच्याच ऑफिसात दर वर्षी यायचा आणि दर वर्षी पुढल्या सभेवर जायचा. वाडीची घरं कमी पडत होती. साकव मिळायला किती घरं लागतात हे कुठल्या तरी कागदात लिहिलेलं होतं. तो कागद कपाटातून काढून देण्याचं काम हवालदारांचं.

आम्ही पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता आणि सगळीकडून वाफ उठत होती. वहाळ तांबडा, फुगलेला. पलीकडे शेताच्या बांधावरून, पावसात डोक्यावर घेतात ते पानांचं एक इरलं हळूहळू येत होतं. इरल्याखाली बाई आहे हे ती काठाशी आल्यावरच कळलं. हवालदार पाण्यापाशी उभे राहिले. बोलणं शक्यच नव्हतं. वहाळ एवढा गर्जत होता की माझ्या शेजारी उभ्या माणसाचं मला ऐकू येईना. पलीकडे त्यांच्या बायकोने इरलं उजवीकडे कलतं केलं.

"म्हस बरी हाय," हवालदार माझ्या कानात ओरडले.

तिने ते डोक्यावरून काढून दोनदा वर उचललं.

"लावनी झाली."

मग हवालदारांनी टोपी काढली आणि छातीशी धरली. याचा अर्थ मी विचारला नाही आणि त्यांनीही सांगितला नाही.

पिशवीतून त्यांनी मेणकापडात गुंडाळलेली टिनची डबी काढली, दगडाला सुतळीने बांधलेली. बायकोचा नवा चष्मा. महाडात करायला टाकला होता, दोन रविवार वाट पाहून मिळाला होता. तो पलीकडे फेकायचा होता. आणि इथे मी बोललो. मी म्हणालो, "हवालदार, द्या इकडे. कॉलेजात मी बाऊंडरीवरून थेट स्टंपावर चेंडू टाकायचो."

हे खोटं नव्हतं. एकदा टाकला होता. त्यांनी विश्वासाने डबी माझ्या हातात दिली. मी दोन पावलं मागे गेलो, धावत आलो, चिखलात पाय सरकला आणि डबी सुंदर कमान घेत वहाळाच्या बरोबर मध्यावर पडली.

पलीकडे ती बाई हसू लागली. आवाज नाही, नुसतं हसणं. इरलं हलताना दिसत होतं. काय बुडालं हे तिला माहीत नव्हतं. हवालदारांनी रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली. मग म्हणाले, "चला. आता वहाळाला तरी नीट दिसंल."

त्या रविवारनंतर मला गाडीत झोप येईना. सोमवारी सकाळी हवालदारांनी पेपर उघडला. लोकसभेत देशाच्या संरक्षणावर चर्चा चालली होती. नेहमी मी लिहायचो, त्या दिवशी उभा राहिलो. सीट क्रमांक एकोणीस, सरकार पक्ष. मी म्हणालो, "अध्यक्ष महाराज, या तालुक्यात एक वाडी आहे. तिथले तीन जण आज सीमेवर आहेत. ते रजेवर आले आणि वहाळ भरला, तर तार आली तरी निघू शकत नाहीत. तेवढे दिवस सीमेवर जागा रिकामी. म्हणून तो साकव देशाच्या संरक्षणाचा विषय समजावा आणि घरं मोजत बसू नये."

"माझं आनुमोदन!" मासळीवाली टोपलीवरून ओरडली. "लिव माझं नाव, मासळीबाई!"

एकमताने पास. फक्त हवालदारांनी हात वर केला नाही.

"तुमचाच साकव," मी म्हटलं.

"म्हनून तर," ते म्हणाले. "मधल्यानं मत नाय द्यायचं."

संध्याकाळी नियमाप्रमाणे मला त्याच साकवाच्या विरोधात बोलायचं होतं. मी दाराकडे बसलो आणि डोळे मिटून घेतले. हवालदार माझ्यापाशी येऊन उभे राहिले. "भाऊसाहेब, निजलात का मिटलात?" मी घोरायला लागलो. "एक संध्याकाळ ऱ्हायली हां तुमची," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात आमच्या समितीची सभा होती. दुपारची वेळ, कौलांवर पावसाचा एकसुरी नाद, भजी खाऊन झालेली. मी टिपणं घ्यायला कोपऱ्यात. पहिले तीन विषय मी लिहिले. मग आवाज लांब गेले, जणू सगळे सदस्य वहाळापलीकडून बोलत होते. जाग आली तेव्हा सभा संपून सतरंजी झटकत होते.

दुसऱ्या दिवशी इतिवृत्त पक्कं करायला बसलो. विषय क्रमांक सात, साकव: पान कोरं. तिथे काय झालं असेल हे न ऐकताही मला माहीत होतं. 'पुढील सभेत विचार व्हावा.' चार शब्द. दर वर्षी तेच चार. मी पेन टेकवलं, वही उलटी झाली, कशी झाली कोण जाणे, आणि मागचं पान समोर आलं. मी ते उतरवून काढलं. अगदी खालच्या ओळीपर्यंत: सूचक, सीट क्र. १९, अनुमोदक, मासळीबाई, एकमताने मंजूर.

इतिवृत्तावर सही करताना ते वाचायचं नसतं, अशी आमच्याकडे रीत होती. सह्या झाल्या. कागद वर गेला.

महिनाभराने वरून उत्तर आलं. साहेबांनी मला बोलावून कागद माझ्याकडे सरकवला. 'विषय क्र. ७ मधील सूचक सीट क्र. १९ व अनुमोदक मासळीबाई हे समितीचे निर्वाचित सदस्य आहेत किंवा कसे, याचा खुलासा व्हावा.'

"कोण हो हे सीट नंबर एकोणीस?" साहेबांनी विचारलं.

माझी नोकरी अजून कच्ची होती. मी म्हणालो, "साहेब, उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदारांनी पेपर उघडलाच नाही. "अध्यक्ष महाराज, आज आपल्याच लेखनिकाचा विषय. बोला, भाऊसाहेब."

मी सरकार पक्षातून बोललो. मी झोपेत होतो. रात्री डास होते, दुपारी भजी होती, वही लांबोळी आणि दोन्हीकडून सारखी. हात आपोआप लिहीत गेला. माणूस झोपेत चालतो, तसं मी झोपेत लिहिलं. चूक माझी नाही, झोपेची. सभागृह हळहळलं. मासळीवाली तर म्हणाली, "लेकरू हाय ओ, जाऊ द्या. म्हावरं खात नसंल." ऑफिसात जाऊन हेच साहेबांना सांगायचं मी ठरवलं. पण साहेब महाडला गेले होते, संध्याकाळपर्यंत आलेच नाहीत.

आणि संध्याकाळी दाराच्या बाजूला बसावं लागलं.

मी डोळे मिटले. हवालदार म्हणाले, "आता नाय. तुमची एक आधीची ऱ्हायलीय."

बाहेर दिवस उतरत होता. भातखाचरांतल्या पाण्यात आभाळ पडलं होतं आणि गाडी आभाळाच्या दोन तुकड्यांमधून चालल्यासारखी वाटत होती. मी उभा राहिलो आणि स्वतःच्या विरोधात बोलू लागलो. सुरुवातीला नियम म्हणून. अध्यक्ष महाराज, हा माणूस सकाळी खोटं बोलला. सभेत तो झोपला, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी तो जागा होता. वही आपोआप उलटी होत नाही. झोपलेला माणूस 'एकमताने' या शब्दाखाली रेघ मारत नाही. याने एक चष्मा पाण्यात घालवला होता आणि दुसरं काही फेकायला याच्याजवळ नव्हतं, म्हणून याने ठराव फेकला.

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की मी नियम पाळत नव्हतो, खरं सांगत होतो. घंटी वाजली नाही. अध्यक्ष दोरी हातात धरून नुसता उभा होता. मी हवालदारांकडे पाहिलं. ते म्हणाले, "कुठली बाजू खरी ती तुमची तुमी बघा. मी मधला."

सकाळी साहेबांना मी सांगितलं, सीट क्रमांक एकोणीस मी, आणि मी जागा होतो.

साहेबांनी उठून दार लावलं. "हे आणखी कुणाला बोलू नका," ते म्हणाले. "झोपला होता म्हणालो तर तुम्हाला मेमो देऊन सुटता येईल. जागे होता म्हणालो तर तुमची नोकरी जाईल, आणि न वाचता सह्या करणाऱ्यांची अब्रू."

पुढल्या सभेत पहिला विषय नेहमीचाच, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. या खेपेला ते वाचावं लागलं. मी उभा राहून वाचलं. हवालदार दारात चहाचा ट्रे घेऊन उभे, धड आत नाही, धड बाहेर नाही. विषय सात वाचून झाला तशी सभापतींनी घाम पुसला.

"हे आपण बोललो होतो?"

सगळे दारातल्या चहाकडे पाहू लागले.

"ज्यांना हा ठराव नको," सभापती म्हणाले, "त्यांनी हात वर करावेत."

कौलांवर पाऊस वाजत होता. एका सदस्याने हात अर्धा उचलला; शेजारच्याने त्याच्या कानाशी लागून विचारलं, "देशाच्या संरक्षणाच्या विरोधात लिहून घेऊ का तुमचं नाव?" त्याने त्याच हाताने डोकं खाजवलं. मग कोपऱ्यातून एक जण म्हणाला, "त्या सीटबिटच्या जागी सूचक म्हणून माझं नाव घाला." लगेच दुसरा, "मी आधीच म्हणणार होतो." शेवटी सूचकच सात झाले.

मी दाराकडे पाहिलं. हवालदार ट्रेमधल्या कपबश्या मोजत होते, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजत होते. एरवी त्यांचा हिशेब एकदाही चुकला नव्हता.

मला मेमो मिळाला, निष्काळजीपणे निद्रा घेतल्याबद्दल. वर्षाच्या आत लांबची बदली झाली. शेवटच्या दिवशी गाडीत मासळीवालीने मला दोन बोंबील बांधून दिले आणि अध्यक्षांनी तिकीट न टोचता हातात ठेवलं. हवालदार दांडा धरून उभे होते.

तीन पावसाळे गेले. जिल्ह्याचं कुलाबा हे नाव जाऊन रायगड झालं, मी नव्या ऑफिसात नव्याने झोपू लागलो. मग एक पोस्टकार्ड आलं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं: 'मी रिटायर झालो. साकव झाला. रविवारी या. पावसातच या. उन्हाळ्यात कोनीबी पलीकडं जातो.'

गेलो. तसंच ओलं ऊन, तशीच वाफ, तोच तांबडा वहाळ. पण त्याच्यावर आता लोखंडी कांबी आणि फळ्या. सरकारी हिरवा रंग अजून ताजा. हवालदारांची बायको इरलं घेऊन साकवावरून अलीकडच्या काठावर येऊन उभी होती. डोळ्यांवर चष्मा. या वेळी तिचा आवाज ऐकू आला, कारण अंतरच उरलं नव्हतं.

"तुमीच ना ते चष्मा फेकनारे?"

मी मान खाली घातली.

"बरं केलात साकव," ती म्हणाली. "चार महिने लांबनं लय चांगला दिसायचा मानूस. आता रोज घरात लोकसभा. म्हशीला बी सकाळी एक आनि सांजला दुसरं सांगतो."

"हवालदार कुठायत?"

तिने चष्म्यावरून साकवाकडे बोट केलं.

मी त्यांच्यावरून नजर फिरवली होती आणि ओळखलंच नव्हतं, कारण मी उभा माणूस शोधत होतो. साकवाच्या अगदी मध्यावर ते बसले होते. पाय खाली सोडलेले, पाण्याचे तुषार पायांवर उडत होते. निळी टोपी शेजारी फळीवर काढून ठेवलेली. एवढ्या वर्षांत मी त्यांचं डोकं उघडं पाहिलं होतं ते फक्त याच वहाळापाशी.

मी फळ्यांवरून जपून गेलो. "हवालदार, बसलात?"

त्यांनी शेजारची फळी तळहाताने पुसली, माझ्यासाठी. मग साकवाच्या लोखंडावर दोनदा थोपटलं.

"आता ह्यो हाय ना उभा," ते म्हणाले, "मधी."